सेवियातली संकष्टी
(मंडळाच्या निधिसंकलन स्नेहभोजनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'प्रवासवर्णन, वीस मिनिटं' असं छापलंय. मागच्या दारातून मसालेभाताचा वास येतोय, तेव्हा वीस मिनिटांचं एकविसावं होऊ देणार नाही, हे पहिलं आश्वासन. दुसरं आश्वासन असं, की फोटो दाखवणार नाही. आम्ही नऊ जणांनी मिळून बाराशे फोटो काढले, पण त्यातले निम्मे नानांच्या अंगठ्याचे आहेत.

तर स्पेन. २०११ साली 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आल्यापासून आपल्या लोकांना स्पेन म्हटलं की टोमॅटोची मारामारीच आठवते. ती बुन्योल नावाच्या गावी, वालेन्सियाजवळ होते, आणि तीही ऑगस्टमध्ये. आम्ही गेलो दक्षिणेला आणि मार्चमध्ये, सेव्हिल शहरात. लंडनहून विमानानं तीन तासही लागत नाहीत. तिथली माणसं गावाचं नाव 'सेविया' असं घेतात. ते ऐकल्याबरोबर आमच्या काकू म्हणाल्या, "शेवयांचं गाव का?" तेव्हापासून आमच्या तोंडीही सेवियाच बसलंय.

आम्ही कोण, तेही सांगायला हवं. मंडळाचे खजिनदार आणि वहिनी, डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई, आयटीतलं एक तरुण जोडपं, इतिहास शिकवून निवृत्त झालेले मास्तर, नाना आणि काकू. काकू यायला तयार नव्हत्या. काका नोव्हेंबरात गेले, तेव्हापासून त्या घराबाहेरच पडत नव्हत्या. वहिनींनी परस्पर तिकीट काढलं आणि मग सांगितलं, की हे परत होत नाही. पैसे वाया जाऊ द्यायचे नाहीत एवढ्यावर काकू निघाल्या.

विमानतळावरच खजिनदारांनी एक नियम काढला. आपली एक सवय आहे, बघा. जगात कुठंही गेलो, काहीही बघितलं, खाल्लं, की पहिलं वाक्य 'आपल्याकडे'नं सुरू होतं. आपल्याकडे हे यापेक्षा मोठं असतं, आपल्याकडे हे इतकं महाग नसतं, आपल्याकडे याला कोणी विचारत नाही! खजिनदार म्हणाले, "उद्या दिवसभर जो कोणी 'आपल्याकडे' म्हणेल त्याला एक युरो दंड. पैसे मंडळाच्या फंडात." चिवड्याचा रिकामा डबा त्यांनी बरोबरच आणला होता. नानांनी विचारलं, "असला नियम असतो का कुठं?" खजिनदार म्हणाले, "आपल्याकडे भिशीत असतो की!" डब्यात पहिला युरो खजिनदारांचाच पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बाहेर पडलो. तिथं पावाचा मोठा तुकडा भाजतात, त्यावर ऑलिव्ह तेलाची धार सोडतात आणि वर किसलेला टोमॅटो पसरतात. एवढंच, पण चव अशी की दुसरा मागवल्याशिवाय राहवत नाही. शेजारच्या टपरीवर चुरोस तळत होते. सेवियात त्यांना 'कालेंतितोस' म्हणतात, म्हणजे 'गरमगरम'. सोऱ्यासारख्या यंत्रातून पीठ सरळ कढईत पडतं, त्याचं परातीएवढं वेटोळं तळून निघतं आणि मग ते कात्रीनं कापून कागदात देतात. आयटीवाली सूनबाई उद्गारली, "अय्या, आपल्याकडची चकलीच की!" एक युरो. तिचा नवरा म्हणाला, "आपल्याकडे चकली कात्रीनं नाही कापत." दुसरा युरो. साडेनऊसुद्धा वाजले नव्हते.

काकूंनी मात्र पुढची बशी सरकवली. म्हणाल्या, "माझा उपास आहे. आज संकष्टी."

झालं! ही मंडळी स्पेनमध्ये खायला आलेली, आणि नेमकी संकष्टी कोणाच्याच लक्षात नव्हती. काकूंच्या पर्समध्ये कालनिर्णयचं पान घडी करून ठेवलेलं होतं, पण त्यात चंद्रोदय मुंबईचा. सेवियाचा चंद्र किती वाजता? तरुण मंडळींनी फोनवर शोधलं : रात्री साडेदहाच्या सुमारास. नाना म्हणाले, "साडेदहापर्यंत हॉटेलं बंद होतील हो, काकू उपाशी राहतील." त्यावर मास्तर हसले. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण नऊनंतरच सुरू होतं, दहाला गर्दी होते आणि साडेदहाला कुणी जेवायला निघालं तर त्यात काही विशेष नसतं. युरोपात संकष्टी करायला याहून सोयीचा देश सापडायचा नाही!

तिथून कॅथीड्रलला गेलो. १४०१ साली हे देऊळ बांधायचं ठरलं आणि पुढं शंभर वर्षं काम चाललं. बघणाऱ्यांनी आपल्याला वेड लागलं होतं असं म्हणावं इतकं मोठं बांधू या, असं ठरवणारे म्हणाले होते, अशी गोष्ट सांगतात. आत शिरल्यावर ती खरी वाटते. जगातलं सगळ्यात मोठं गॉथिक कॅथीड्रल आहे हे. त्याला लागूनच हिराल्दा नावाचा मनोरा आहे, सुमारे १०४ मीटर उंच. मूळ हा मशिदीचा मिनार, बाराव्या शतकाच्या शेवटी बांधलेला. वरचा घंटांचा भाग ख्रिस्ती राजवटीत सोळाव्या शतकात चढवला. गंमत म्हणजे आत पायऱ्या नाहीत, चढण आहे. गोल गोल उतार, पस्तीस वळणांचा. बांग देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून तसं केलं, असं म्हणतात. नानांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, पण ते वर पोचले. अगदी शेवटी मोजक्या पायऱ्या लागतात, तिथं मात्र ते थांबले आणि म्हणाले, "आपल्याकडे पर्वतीला..." आणि जीभ चावली. खजिनदार डबा घेऊन मागंच उभे होते.

खाली कोलंबसाची कबर आहे. स्पेनच्या चार जुन्या राज्यांचे चार पुतळे त्याची शवपेटी खांद्यावर घेऊन चाललेत. या माणसानं मेल्यावरही प्रवास केला. १५०६ साली वायादोलिदला वारला, नंतर सेवियाला आणला, तिथून समुद्रापार सांतो दोमिंगोला नेला, मग हवानाला, आणि क्यूबा स्पेनच्या हातून गेल्यावर १८९९ साली पुन्हा सेवियाला. सांतो दोमिंगोचे लोक म्हणतात, तो अजून आमच्याकडेच आहे. शेवटी डीएनएची तपासणी झाली आणि २०२४ साली स्पेनच्या शास्त्रज्ञांनी सेवियातली हाडं त्याचीच असल्याचं जाहीर केलं. आपल्यापैकी ज्यांनी व्हिसासाठी रांगा लावल्यात त्यांना याची कळकळ कळेल. डॉक्टर पेटीकडे बघून म्हणाले, "बिचारा. निघाला होता आपल्याकडे यायला, आणि वाट चुकला." यावर दंड लावायचा की नाही याची चर्चा बरीच रंगली. खजिनदारांनी निकाल दिला : वाक्य ऐतिहासिकदृष्ट्या खरं आहे, तरी एक युरो.

बाहेर नारंगीच्या झाडांचं मोठं आवार आहे. फुलं नुकतीच लागली होती आणि तो वास... आम्ही वर्णन करत नाही, मोगऱ्याच्या जवळचा धरा. साऱ्या शहरात रस्तोरस्ती हीच झाडं, हजारोंनी, फळांनी लगडलेली, आणि कुणी हात लावत नाही! नानांना हे बघवेना. पुढच्या गल्लीत त्यांनी एक पडलेली नारंगी उचलली, सोलली आणि अख्खी फोड तोंडात टाकली. त्यांचा चेहरा बघून रस्त्यावरचे दोन सेवियाकर जागीच थांबून हसले. ही नारंगी कडूजहर असते. इंग्लंडात आपण टोस्टला लावतो तो मार्मलेड हिचाच. मास्तर म्हणाले, "स्पॅनिश भाषेत हिला नारान्हा म्हणतात. संस्कृत नारंग फारसीत गेलं, तिथून अरबीत, आणि अरबांबरोबर इथं आलं. साखरेचंही तसंच. शर्करा, सुक्कर, असुकार. फळही पूर्वेकडून आलं आणि नावही." म्हणजे कुठून, असं खजिनदारांनी डबा पुढं करून विचारलं. मास्तर म्हणाले, "सिंधू नदीच्या पलीकडून." मास्तरांकडून दिवसभरात एकही युरो निघाला नाही. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस आहे तो!

त्या आवारातल्या बाकावर काकू आणि वहिनी मागं राहिल्या होत्या. काय बोलणं झालं ते वहिनींनी आम्हाला नंतर सांगितलं, आणि काकूंच्या परवानगीनंच ते इथं सांगतोय. चाळीस वर्षं काकू-काका जोडीनं संकष्टी करायचे. चंद्रोदयाची वेळ काढायचं खातं काकांकडे. रात्री ते मागचं दार उघडून थंडीत उभे राहायचे आणि "दिसला गं!" अशी हाक मारायचे. मग आरती, मग पानं. काका गेल्यापासून काकू उपास करतात, पण तो सोडत नाहीत. "दिसला म्हणून सांगायला कुणी नाही, मग एकटीसाठी पान काय मांडायचं? दूध पिऊन झोपते," असं म्हणाल्या.

काकूंच्या घरापासून आमच्यातलं कुणीही पंधरा मिनिटांपेक्षा लांब राहत नाही. नोव्हेंबरपासून आम्ही सगळे त्यांना फोन करत होतो. "जेवलात का?" असं विचारत होतो, आणि त्या "हो" म्हणत होत्या.

आल्काझारचा राजवाडा बघायचा होता, पण तिकिटं आधी काढायचं आमच्याकडूनच राहून गेलं होतं आणि रांग कोपऱ्यापलीकडे गेली होती. तेव्हा बाहेरून नमस्कार केला आणि शेजारच्या आर्किवो दे इंदियासमध्ये शिरलो. इथं प्रवेश फुकट आहे हे ऐकून आमची पावलं जरा भराभर पडली. हे स्पेनच्या अमेरिकेतल्या साम्राज्याचं दप्तर. १७८५ साली राजानं ते एका जागी आणायला सुरुवात केली. आज सुमारे आठ कोटी पानं आहेत तिथं. १५०३ ते १७१७, दोनशे वर्षांहून जास्त काळ, अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराचं कार्यालय या सेवियात होतं. कुठलं जहाज गेलं, त्यात काय भरलं, कोण परत आलं, सगळ्याची नोंद इथं व्हायची.

मास्तर तिथं खुलले. म्हणाले, "कोलंबस मिरी शोधायला गेला आणि मिरची घेऊन आला. मिरची, टोमॅटो, बटाटा, रताळं, मका, शेंगदाणा, काजू, हे सगळं मूळ अमेरिकेतलं. सगळं काही सेवियामार्गेच गेलं असं नाही. गोव्याला मिरची आणली ती पोर्तुगीजांनी, आणि बटाटा हा शब्दही त्यांचाच. पण कोलंबसापूर्वी हिंदुस्थानात कुणी हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्लेला नाही. ज्ञानेश्वरांच्या काळी तिखट म्हणजे मिरी."

आम्ही जरा गप्पच झालो. मग डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "आणि साबुदाणा?"

"तो कसाव्याच्या कंदाचा. कसावासुद्धा दक्षिण अमेरिकेतला."

आता साबुदाण्याची खिचडी डोळ्यांपुढे आणा. साबुदाणा अमेरिकेचा, दाण्याचं कूट अमेरिकेचं, बटाटा अमेरिकेचा, हिरवी मिरची अमेरिकेची. आपलं म्हणावं असं तूप आणि जिरं, आणि जिरंही मूळचं पश्चिमेकडचं! काकू दिवसभरात पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे चाळीस वर्षं मी अमेरिकन जेवण जेवून उपास केला म्हणायचा!"

खजिनदार मात्र अडचणीत आले. जे आपलं नाहीच त्याला 'आपल्याकडे' म्हटलं तर दंड कसा घ्यायचा? हा प्रश्न अजून कार्यकारिणीपुढे आहे.

दुपारचं जेवण एल रिंकोन्सियोमध्ये. १६७० सालापासून चालू असलेलं हे ठिकाण. छतावर डुकराच्या तंगड्या टांगलेल्या आणि प्रत्येकीखाली चरबी टिपायला उलट्या छत्रीसारखी इवलीशी वाटी. वहिनींना त्या छत्र्या फार गोड वाटल्या, मग त्या कशासाठी आहेत ते कळलं. तिथं बिलाचा कागद नाही. तुम्ही काय खाल्लं ते वाढपी समोरच्या लाकडी कट्ट्यावर खडूनं लिहीत जातो आणि शेवटी बेरीज मांडून हातानं पुसून टाकतो. आमच्या खजिनदारांना हा हिशेब फार आवडला. ऑडिटला पुसलेलं चालेल का, असं ते विचारत होते.

तापास म्हणजे छोट्या छोट्या बश्या. एक बशी कुणा एकाची नसते, मध्ये ठेवायची आणि सगळ्यांनी खायची. पालक आणि छोले एकत्र शिजवलेले, जिऱ्याच्या आणि लसणाच्या वासाचे, बाजूला तळलेला पाव. ही सेवियाची खासियत. डोळे मिटून खाल्लं तर वाटतं... वाटतं ते आम्ही बोलून दाखवलं आणि तीन युरो गेले. वांग्याचे काप तळून त्यावर काकवी किंवा मध सोडतात. वांगं तर पूर्वेकडून तिकडे गेलेलं, त्यामुळे तिथं मास्तर नुसते मिशीत हसले. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. 'बिनमांसाचं' म्हणून मागवल्यावर दुसऱ्या एका ठिकाणी आमच्यापुढं हॅमचे तुकडे घातलेली भाजी आली. वाढप्याच्या हिशेबी हॅम म्हणजे मांस नव्हे, ती चव! तेव्हा हॅम नको, टूना नको, असं एकेकाचं नाव घेऊन सांगा. काकूंनी भाजलेले बदाम आणि दोन गोड संत्री खाल्ली.

दुपारी अर्धं शहर झोपतं. आम्ही सांता क्रूझच्या बोळांतून सावली धरून चालत राहिलो. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील असे बोळ. एकाच बोळात कसबा, सदाशिव आणि गिरगाव अशी तीन नावं निघाली. चार युरो, कारण एकाला गिरगाव दोनदा आठवलं.

चालत चालत ओस्पिताल दे ला कारिदादला पोचलो, म्हणजे दयेचं रुग्णालय. सतराव्या शतकात मिगेल मान्यारा नावाचा एक श्रीमंत गृहस्थ बायको वारल्यावर सगळं सोडून या सेवाभावी संस्थेत आला आणि त्यानं गरिबांसाठी, बेवारशांसाठी हे उभं केलं. तिथल्या चर्चसाठी मुरियोनं चित्रं काढली : भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी, आजाऱ्याची सेवा. १८१० साली फ्रेंच सेनापती सूल्टनं त्यांतली चार पळवली, आणि आता तिथं त्यांच्या नकला लावल्यात. त्या चारांतलं एक आपल्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला बरं करतानाचं. त्या माणसाला पाण्यापर्यंत नेणारं कुणी नव्हतं, म्हणून तो तिथंच पडून राहिला होता, अशी बायबलातली गोष्ट. जाऊन बघा जरूर.

ती इमारत नुसतं संग्रहालय नाही. आजही तिथं गरजू वृद्ध राहतात. आम्ही चित्रं बघून बाहेर आलो तेव्हा अंगणात एक आजोबा खुर्ची उन्हात ओढत होते. नानांनी त्यांना हात लावला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी पाच मिनिटं गप्पा झाल्या. गुडघ्यांविषयी असाव्यात.

संध्याकाळी प्लाझा दे एस्पान्या. १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं अर्धवर्तुळाकार भव्य आवार, समोर कालवा, त्यात होड्या, आणि भिंतीशी स्पेनच्या एकेका प्रांताचा रंगीत फरशांचा बाक. लोक आपापल्या प्रांताच्या बाकावर बसून फोटो काढत होते. कमानींखाली एक मुलगी लाकडी फळी टाकून फ्लॅमेंको नाचत होती. टाच अशी वाजत होती की वहिनींच्या तोंडून निघालं, "आपल्याकडे लावणीत..." एवढ्यात त्यांनी स्वतःच पर्स उघडली.

रात्री नदी ओलांडून त्रियानाला गेलो. ग्वादलकिवीर म्हणजे अरबीतली 'मोठी नदी'. १५१९ साली मॅगेलनची पाच जहाजं याच नदीतून निघाली. तीन वर्षांनी पृथ्वीला वळसा घालून एकच परतलं, लवंगा भरून, आणि त्यावर अठरा माणसं. आम्ही आपले नऊ निघालो होतो आणि नऊच होतो, हे नानांनी दोनदा मोजून बघितलं.

नदीकाठी एका छोट्या खाणावळीत शिरलो. वहिनींनी आणि सूनबाईनं मिळून वाढप्याला समजावलं. पालक-छोले, भात, तळलेले बटाटे मागवायचे, पण आत्ता नाही. का नाही? लुना, म्हणजे चंद्र. आधी चंद्र दिसायला हवा. त्यानं काकूंकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि खडूनं कट्ट्यावर एक चंद्रकोर काढली. आमची ऑर्डर लिहिली गेली! स्वयंपाकघर अकराला बंद होतं, एवढं मात्र त्यानं बोटांनी दाखवलं.

साडेदहाला आम्ही नऊ जण नदीच्या कठड्याशी उभे. पलीकडे हिराल्दा उजळलेली. आणि तिच्यामागं ढग. पावणेअकरा झाले, ढग तसेच. आत वाढपी घड्याळाकडे बघतोय. काकू म्हणाल्या, "असू दे रे, मला सवय आहे. तुम्ही जेवा. मी दूध घेईन."

कुणाला काय बोलावं ते सुचेना. आणि एकाएकी नाना कठड्याशी दोन पावलं पुढं झाले, ढगाकडे हात केला आणि मोठ्यानं ओरडले, "दिसला गं!"

काही दिसलं नव्हतं. आम्हाला माहीत होतं, नानांना माहीत होतं.

काकू बराच वेळ त्या ढगाकडे बघत राहिल्या. मग पर्समधून अंगठ्याएवढा चांदीचा गणपती काढला, पाण्याची बाटली उघडली आणि ढगाकडे बघून अर्घ्य सोडलं. आम्ही आरती म्हटली, दबक्या आवाजात सुरू केली पण शेवटी शेवटी काही दबकी राहिली नाही. शेजारच्या टेबलावरच्यांनी टाळ्या वाजवून ताल धरला, त्या बाबतीत त्यांना शिकवावं लागत नाही. आणि खरं सांगतो, आरती संपता संपता ढगाची कड उजळली आणि हिराल्दाच्या बाजूनं चंद्र वर आला. तांबूस, थोडा चेपलेला, चतुर्थीचा.

आत पानं मांडली होती. काकू जेवायला बसल्या. पहिला घास घेऊन म्हणाल्या, "नाना, खोटं बोललात. आमच्याकडेही अगदी असंच असायचं. ढग असले तरी हे 'दिसला' म्हणायचे. मला काय कळत नव्हतं का?"

खजिनदारांनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाले, "काकू, 'आमच्याकडे'ला दंड नाही. नियम फक्त 'आपल्याकडे'ला."

काकूंनी पालक-छोल्यांची बशी पुढं ओढली, पर्समधून एक युरो काढून डब्याच्या झाकणावर ठेवला आणि म्हणाल्या, "मग 'आपल्याकडे' असंच असायचं, असं लिहा." आणि त्यांनी भात दोनदा मागून घेतला.

मंडळी, डब्यात एकूण ६३ युरो जमले. ते खजिनदारांनी फंडात भरलेत, पावती क्रमांकासह. परत आल्यावर आम्ही नऊ जणांनी एक गोष्ट ठरवली. आपल्या मंडळाचं ज्येष्ठांसाठीचं बुधवारचं जेवण महिन्यातून एकदा होतं, ते दर आठवड्याला व्हावं. हॉलचं भाडं, शिधा, आणि ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांना आणण्या-सोडण्याचा खर्च, यासाठी आजचं हे स्नेहभोजन आहे. आणि दर संकष्टीला कुणा ना कुणाच्या घरी चंद्राची वाट बघायला जमायचं. इंग्लंडात ढग असतातच, त्यामुळे नानांना प्रत्येक वेळी बोलावलंय. बुधवारची खिचडी काकूंकडे आहे. आपल्या पद्धतीची, म्हणजे तूप सोडून सगळी परदेशी.

फोनवर "जेवलात का?" विचारलं की कुणीही "हो"च म्हणतं. ताटासमोर बसवून विचारण्यासाठी आपली मदत हवी आहे.

चिवड्याचा तो डबा आज नोंदणीच्या टेबलावर ठेवलाय. नियम तोच, फक्त युरोऐवजी पौंड. जेवताना आमटीविषयी, श्रीखंडाविषयी जे काही बोलाल ते जरा मोठ्यानं बोला. आम्ही या भाषणात तो शब्द किती वेळा उच्चारला, ते खजिनदार मघापासून बोटांवर मोजतायत. खाली उतरलो की आधी तिकडेच जातो.

पानं मांडा.